कॉफीच्या डब्यातलं नाव

शेवटचा भाग संपायला चार मिनिटं उरली होती आणि तुरिदला पडद्याकडे बघवत नव्हतं. तिचा सगळा जीव फळीवरच्या कॉफीच्या डब्यात अडकला होता.

डब्यात बोर्गहिल्ड आत्याची चिठ्ठी होती. ईस्टरला डोंगरातल्या घरात जमायचं आणि संत्री सोलत टीव्हीवरचे खून बघायचे, हे तर त्यांच्या देशात घरोघरी चालतं. पण गेली अकरा वर्षं ते खून तुरिद लिहीत होती, आणि गेली अकरा वर्षं आत्या पहिला भाग संपला की खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकत होती. एकदाही चुकली नव्हती. बाहेर कौतुक आणि घरात फजिती, असा तुरिदचा संसार. यंदा तिने गुरुवारीच सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, की या वेळीही आत्याने ओळखलं तर आपण लिहिणं सोडणार. ती थट्टा करत नव्हती, म्हणून कुणी हसलंही नाही.

पडद्यावर पोलिसांनी दार ठोठावलं. तुरिदच्या भावाचा, ओड्वारचा, संत्र्याची फोड धरलेला हात तोंडापाशीच थांबला. दार गावच्या पोस्टमास्तरणीने उघडलं आणि मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले.

"ही?" ओड्वार म्हणाला. "अरे, ही तर मयताच्या घरी पाव घेऊन आली होती."

घरात एकच गलका झाला. ओड्वारने डबा काढून आत्यापुढे धरला. आत्याने विणकाम खाली ठेवलं, चिठ्ठी उलगडली, लांब धरली, जवळ धरली. तिला कसली म्हणून घाई नव्हती.

"पाद्री," ती म्हणाली. "मी पाद्री लिहिला होता. चुकलं बाई माझं."

आणि ओड्वारचा हात पोचायच्या आत तिने चिठ्ठी शेगडीत टाकली.

बाराव्या वर्षी आत्या हरली! तुरिदने उडीच मारली. ओड्वारने तिला उचलून गरागरा फिरवलं, दारातले स्कीचे बूट उधळले, बर्फात पुरून ठेवलेली बाटली आणायला कुणीतरी मोज्यांवरच धावलं. तिला हसावं की रडावं कळेना. पुढच्या वर्षीचा खूनसुद्धा तिला त्याच गिरकीत सुचला. गोठलेलं तळं, मासे धरायला पाडलेलं भोक, आणि काठावर एकच स्की.

आत्याला मिठी मारायला ती खिडकीपाशी गेली. तिथे सालींच्या ढिगाशेजारी आत्याचा जवळचा चष्मा पडला होता. त्याच्यावाचून तिला पेपरातला मथळाही लागत नसे.

तुरिद जागच्या जागी थांबली. आत्याने सुया उचलल्या आणि बोटांनी चाचपत टाके मोजले.

"पोस्टमास्तरणीचे हातमोजे," ती हळूच म्हणाली, "पहिल्याच भागात ओले दाखवलेस. पुढच्या वर्षी तेवढं सांभाळ."