डोंगरात चालणारी जीप

चार वर्षं वापरलेल्या जीपचा पुढचा अ‍ॅक्सल काढून भारीतला बसवायला साहेब आले. "कंपनीचा अ‍ॅक्सल म्हणजे खेळणं. डोंगरात दगडावर चाक आपटलं की मोडलाच म्हणून समज," असं मला, वीस वर्षं हेच काम करणाऱ्या मेकॅनिकला, त्यांनी तासभर समजावलं. जुना अ‍ॅक्सल खोलला, तर त्यावर साधा ओरखडा नव्हता. गिऱ्हाईक आहे, म्हणून नवा बसवायला घेतला.

नवा बसवून मी म्हणालो, "आता फोर बाय फोर टाका, पुढची चाकं ओढतात का बघू."

साहेबांनी आधी वायपर चालू केला, मग बॉनेट उघडलं. शेवटी मीच आत वाकून गिअरशेजारच्या फोर बाय फोरच्या दांड्यावरचं शोरूमचं प्लास्टिक फाडायला लागलो.

"हळू रे," साहेब म्हणाले, "ओरखडा पडेल."