पार्सलचा वजनकाटा

१९९४ साली त्या आडबाजूच्या स्टेशनाचं भंगार विकायला निघालं, तेव्हा स्टेशनमास्तरांची मुलगी धाकट्या भावाला घेऊन ते शेवटचं बघायला गेली. त्या मार्गावरची गाडी बंद होऊन आणि वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. रुळांच्या जागी गवत माजलं होतं.

पार्सलचा वजनकाटा मात्र जागच्या जागी होता. लहानपणी ती त्यावर उभी राहिली की वडील मागून गुपचूप एक पाय टेकवत आणि तबकडीवरचा काटा पुढे पळाला की म्हणत, "हे पार्सल मालगाडीनेच धाडावं लागणार."

ती हसत वर चढली. भाऊ समोर तबकडी पुसत होता.

"ताई, अंगावर मूठभर मांस नाही आणि वजन दोन माणसांचं? गंजलाय वाटतं."

"बाबा, पाय काढा," ती सवयीने बोलून गेली.

तबकडीवरचा काटा हळूच मागे आला.

भावाने तिथे पुन्हा पाऊल टाकलं नाही. भंगारवाल्याने बाकी सगळं नेलं, वजनकाटा तेवढा का कोण जाणे सोडून दिला. ती अजूनही अधूनमधून जाते, वर चढते, बराच वेळ उभी राहते. पाय काढा, असं मात्र म्हणत नाही.