संशयाचे ओहम

सोल्डरचा शेवटचा थेंब बसला आणि प्रबोधने रोखून धरलेला श्वास सोडला. यंत्र तयार झालं होतं. साबणाच्या रिकाम्या डबीत बसवलेलं, दोन चिमटे आणि चिमुकला डिस्प्ले असलेलं. आता ती कॉइल चिमट्यांत धरायची, की आपली सोळा वर्षांची मुलगी विभा व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढते की नाही, हे त्याला कळणार होतं.

दुसरा कुठलाही बाप मुलीला विचारून मोकळा झाला असता. पण प्रबोध बँकेच्या रिस्क विभागात होता. पुरावा हाती आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. विभाच्या पाउचमध्ये पेन शोधताना त्याला ती वस्तू सापडली. करंगळीच्या नखाएवढी धातूची नळी, आत तारेचं वेटोळं आणि थोडा कापूस. व्हेपमध्ये असते तसली कॉइल. सिंगापुरात ही गोष्ट नुसती जवळ बाळगली तरी गुन्हा. शाळेला कळलं तर पोरीचं काय होईल, या विचाराने त्याची अन्नावरची वासनाच उडाली.

तरी एक आशा होती. विभा शाळेच्या रोबोटिक्स क्लबात होती. कदाचित तिथल्या एखाद्या किटमधला हीटर असेल. त्याने इंटरनेट पिंजून काढलं. हीटर असेल तर रेझिस्टन्स चांगला भरभक्कम यायला हवा, व्हेपची कॉइल असेल तर जेमतेम एक ओहम. घरातला मल्टिमीटर एवढ्या बारीक मापाला कुचकामी होता. तो स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्सही त्यात मिळवून टाकायचा. मग प्रबोधने स्वतःच टेस्टर बनवायचं ठरवलं. कॉइलमधून ठरावीक करंट सोडायचा, तिच्या दोन टोकांवर किती व्होल्ट येतात ते मोजायचे, की झालं. कॉलेजात त्याने एक रेडिओ बनवला होता. तो कधी वाजला नाही, पण बनवला होता.

बायकोला, उल्काला, त्याने यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने तिथल्या तिथे विभाला हाक मारून विचारलं असतं, आणि एवढ्या मोठ्या संशोधनाचा विचका झाला असता.

चोआ चू कांग भागातल्या त्या फ्लॅटचं डायनिंग टेबल मग प्रयोगशाळा झालं. जुन्या बाजारातून कधीतरी हौसेने उचलून आणलेला सुट्या भागांचा डबा त्याने कपाटावरून खाली काढला. आत काय काय आहे, हे त्यालाही धड माहीत नव्हतं. उल्काने मुकाट्याने जेवणाची ताटं सोफ्यावर हलवली.

आणि गंमत म्हणजे विभा आपणहून येऊन शेजारी बसू लागली. एरवी हाक मारली तर सिंगापुरी ढंगात 'बिझी लाह' म्हणून खोलीचं दार लावून घेणारी मुलगी. बारीक रेझिस्टन्स मोजायचं यंत्र करतोय, एवढंच त्याने तिला सांगितलं. ती वायरी धरायची, डोळ्यांत तेल घालून त्याच्या हातांकडे बघायची. प्रबोध आडून आडून चौकशी करायचा. अभ्यासाचा ताण येतो का, मैत्रिणी कशा आहेत, कुणी भलतंसलतं पुढे केलं तर नाही म्हणता येतं ना. विभा उत्तर द्यायची आणि तोच प्रश्न उलट त्याला विचारायची. ऑफिसात ताण आहे का, झोप लागते का, लंचला कुणाबरोबर जातोस, ती माणसं कशी आहेत. पोरगी किती समंजस झाली, म्हणून त्याला भरून यायचं. मग वाटायचं, नाही, ही शिताफीने विषय बदलतेय. बापलेकीचं हे गूळपीठ बघून उल्का खूश होती. तिने दोघांना चहाही आयता आणून दिला.

खरं तर यंत्र केव्हाच पुरं झालं असतं. प्रबोधच चालढकल करत होता. आकडा आला की बोलावं लागणार, आणि बोलायची त्याला भीती वाटत होती.

आज विभा ट्यूशनला गेली होती, उल्का भाजी आणायला. त्याने कॉइल चिमट्यांत धरली. एक पूर्णांक दोन. चिमटे उलटे लावून पाहिले. एक पूर्णांक दोन. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने बनवलेली वस्तू बिनचूक चालत होती आणि त्याला रडू येत होतं.

दार वाजलं. विभा दप्तर खांद्यावर घेऊनच टेबलापाशी आली. तिने चिमट्यांतली कॉइल पाहिली, आकडा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. मी रागावणार नाही, असं म्हणायचं प्रबोधने ठरवून ठेवलं होतं. पण विभाच आधी बोलली.

"म्हणजे माझ्या पाउचमधून तूच घेतलीस ती," विभा म्हणाली.

प्रबोधने मान डोलावली. आता कबुली येणार, म्हणून त्याने मन घट्ट केलं.

विभा खुर्ची ओढून त्याला अगदी चिकटून बसली. "क्लबसाठी स्विच शोधत होते, तेव्हा तुझ्या पार्ट्सच्या डब्यात सापडली ती मला. आईने बघू नये म्हणून मी लपवून ठेवली. मग तू हा टेस्टर करायला घेतलास. कॉइल मोजायचे असले टेस्टर व्हेप ओढणारेच बनवतात, मी वाचलंय, बाबा."

प्रबोधची नजर जुन्या बाजारातून आणलेल्या त्या डब्याकडे गेली.

विभाने डोळे पुसले आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "मी हेल्पलाइनला विचारून ठेवलंय. आपणहून गेलं तर शिक्षा नाही करत. सोड ना, बाबा. एकट्याने जायची लाज वाटत असेल, तर मी येते बरोबर."