रिकाम्या खुर्चीशेजारचं टेबल

या, असं दाराशी अवघडून बसू नका, जरा पुढं सरका. एका फुकटच्या जेवणाची गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्यानं सांगण्यासारखी नाही.

लोरीन टॅकेट हॅगर्टीच्या खाणावळीबाहेर रांगेत उभी होती. तिची नजर पार्किंगमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक गाडीवर होती. अकरा नोव्हेंबर, अमेरिकेतला माजी सैनिकांचा दिवस. त्या दिवशी गावातली निम्मी हॉटेलं लष्करात राहिलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना फुकट जेवू घालत. कोपऱ्यावरचा माणूस गाडीसुद्धा फुकट धुऊन देई. लोरीन मात्र दर वर्षी इथंच येई.

"अजून वेळ गेलेली नाही," तिचा माणूस कानाशी पुटपुटला. "घरी जाऊ. मी अंडी उकडतो."

"तू जा. मी जेवून येते."

"आणि तो आला तर?"

तो कोण, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मागच्या आठवड्यात फोन आला होता. खरखरीत आवाज. 'ड्वेन टॅकेट तिथंच राहतो ना? फार वर्षं शोधतोय त्याला. त्याला काही सांगू नका. अकरा तारखेला हॅगर्टीकडं गाठतोच.' ती नाव विचारेपर्यंत फोन बंद झाला. तेव्हापासून तिचा माणूस दाराची कडी पुन्हा पुन्हा बघून येई. व्हिएतनामात काय घडलं, हा विषय त्या घरात निघत नसे. पण लढाईतली वैरं म्हातारी होत नाहीत, एवढं लोरीनला कळत होतं.

"एका वर्षी नाही गेलं तर काय बिघडेल?" त्यानं विचारलं.

"मी कशासाठी येते ते तुला माहीत आहे," ती म्हणाली. तो रांगेबरोबर पुढं सरकला.

दारात जोडी नावाची वाढपी बाई ओळखपत्रं बघत होती. तिनं लोरीनच्या माणसाचं कार्ड घेतलं, त्याच्या भाजलेल्या अर्ध्या चेहऱ्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घालून कार्ड तसंच परत दिलं. ती दर वर्षी तसंच करी.

"या टॅकेटकाका. जाकीट काय झकास बसलंय."

"बाह्या मी आखूड केल्यात," लोरीन म्हणाली. "दवाखान्यातून आला तेव्हाच. माणूस फार झिजतो गं तिथं."

"आमचा घरी बसून फुगतोय. त्याला पाठवू का?"

आत ते नेहमीच्या जागी गेले. दाराजवळ हॅगर्टी एक लहान टेबल मांडून ठेवी. पांढरं कापड, एक गुलाब, बशीत लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ, पालथा ग्लास, आणि रिकामी खुर्ची. लढाईवरून न परतलेल्यांची ती जागा. तिथं कुणी बसत नसे. लोरीन शेजारचं टेबल धरी. जाता जाता ती त्या कापडाची सुरकुती हातानं सारखी करी, ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणे. तिचा माणूस तिकडं पाठ करून बसे.

"लोरीन, माझ्या स्टेकची चटक लागलीय तुला," हॅगर्टी ताटं ठेवत म्हणाला. "एरवी वर्षभर तोंड दाखवत नाहीस."

"एरवी तू पैसे मागतोस."

तो हसत गेला. लोरीननं घास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

दारात एक धिप्पाड म्हातारा उभा होता. एका हातात काठी, दुसरा हात कोटाच्या खिशात खोल. त्यानं जोडीला काहीतरी विचारलं. जोडीनं हसून सरळ त्यांच्या टेबलाकडं बोट केलं.

"मागं बघू नकोस," लोरीन म्हणाली.

"आला?"

"जेव तू."

काठीचा आवाज जवळ येऊ लागला. तेवढ्यात हॅगर्टीनं चमच्यानं ग्लास वाजवला. "मंडळी, ज्यांनी वर्दी घातली त्यांनी उभं राहावं. आज टाळ्या तुमच्यासाठी."

खुर्च्या सरकल्या. लोरीनचा माणूस जागचा हलेना. शेजारपाजारचे त्याच्याकडं बघायला लागले, तेव्हा टेबलाच्या कडेला धरून तो उठला.

काठी थांबली. म्हाताऱ्याची नजर सगळ्यांसारखी भाजलेल्या गालावर अडली नाही. ती डोक्यापासून बुटांपर्यंत गेली आणि आखूड केलेल्या बाह्यांपाशी येऊन थबकली. टाळ्या चालू होत्या. त्यानं खिशातला हात बाहेर काढला. लोरीननं डोळे मिटले.

उघडले तेव्हा टेबलावर दोन चिरूट होते.

"मी रूफस," तो खरखरीत आवाजात म्हणाला. "त्याच्याबरोबर ओढायला आणले होते. जळत्या गाडीतून ड्वेननं मला पाठीवर घातलं, वहिनी. मी हा असा आडमाप, तरी माझे पाय जमिनीला लागले नाहीत, एवढा ताडमाड होता तो. मला खाली ठेवून तो दुसऱ्याला आणायला परत आत गेला. आतून एकच जण जिवंत आला असं मला सांगितलं. ड्वेन, म्हणाले."

समोरचा माणूस रूफसच्या खांद्याला जेमतेम लागत होता.

टाळ्या थांबल्या. जोडी कॉफी घेऊन इकडंच यायला निघाली होती. रूफसनं आवाज चढवला असता तर सगळं तिथंच संपलं असतं.

तो वाकला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, ड्वेन कुठाय?"

लोरीन उठली. तिनं एक चिरूट घेतला, रूफसचा दंड धरला आणि त्याला दोन पावलं पलीकडं नेलं. चिरूट तिनं पांढऱ्या कापडावर, मिठाच्या बशीशेजारी ठेवला, आणि रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

"माझा नवरा इथं बसतो, रूफस. त्याचं नाव आता हा लावतो, मोठ्यानं घ्यायची सोय नाही. मनातल्या मनात त्याची आठवण ठेवा."