अनुभवी चालक

“पाच हजार दोनशे युरो,” फोनवरून गिलरॉय म्हणाला. “वर्षाचे.”

रोशीनने खिडकीतून अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. ती अकराशेला घेतली होती, चाकांसकट.

“मी विमा मागतेय,” ती म्हणाली. “तुमचं ऑफिस विकत घेत नाहीये.”

“वय अठरा, परवाना आज सकाळचा. असं काही दिसलं की आमचा कॉम्प्युटर घाबरतो. घरात कुणी अनुभवी चालक आहे का? त्याचं नाव जोडलं की आकडा उतरतो.”

सकाळी रोशीन गाडी चालवायची परीक्षा पास होऊन आली, तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात कुणी धड बसलेलं नव्हतं. आई सुरी हातात घेऊन सुरी शोधत होती. केक तसाच होता. सोमवारी रोशीनची उमेदवारी सुरू व्हायची होती, शॅनन नदीवरच्या बोटींच्या कारखान्यात. इंजिनं खोलायची, जोडायची, वर पगार. दोनशे अर्जांतून ती एकटी निवडली गेली होती. तिकडे बस गुरुवारी जायची. दर गुरुवारी नव्हे.

“माझं नाव घाला,” आई म्हणाली. गिलरॉयने घातलं. आकडा वाढला. गेल्या वर्षी आईने शाळेच्या फाटकाला गाडी ठोकली होती. फाटकाची काही तक्रार नव्हती, पण शाळेची होती.

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत कुणीतरी घसा खाकरला. ते मॅलाकी आजोबा, आईचे वडील. त्यांना बोलावणं हवं होतं.

“आजोबा,” रोशीन म्हणाली, “तुमचं?”

“वय अडुसष्ट,” आजोबा फोनकडे तोंड करून म्हणाले. “अपघात एकही नाही.” हे त्यांनी हुद्दा सांगावा तसं सांगितलं.

पलीकडे बटणं वाजली.

“दोन हजार शंभर.”

आईने सुरीसकट रोशीनला मिठी मारली. रोशीन किंचाळली, थोडी आनंदाने, थोडी सुरीमुळे.

“याला अनुभव म्हणतात,” आजोबा म्हणाले. “एकतीसशेचा आहे. मला ठाऊक होतं, पण आकडा आज कळला.”

सही करायला शहरात जायचं होतं, आणि आजच, कारण गिलरॉय शुक्रवारी दुपारनंतर मासेमारीला जायचा. आजोबांच्या विम्यात दुसऱ्याची गाडी चालवायची मुभा होती, म्हणून रोशीनचीच गाडी काढली. मागच्या काचेवर नवशिक्याचं लाल अक्षर तिने सकाळीच चिकटवलं होतं.

“ते काढ,” आजोबा म्हणाले. “लोक मला बघतील.”

“दोन वर्षं ठेवायचं असतं, आजोबा.”

“बरं. पण वाटेत एक शब्द बोललीस, तर सही नाही. चार महिने तू मला आरसे बघायला शिकवते आहेस.”

रोशीनने ओठ घट्ट मिटले.

आजोबांनी मधला आरसा स्वतःकडे वळवला, टोपी नीट केली आणि तो तसाच ठेवला. ते रस्त्याच्या मधोमध चालले. समोरून कुणी आलं की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करत. वळतानाही तेच बोट उचलत. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. “ओळखीचा दिसतो,” आजोबा म्हणाले. शहराच्या तोंडाशी गोल चौक होता. तो टाळून ते कुणाच्या तरी शेतातून गेले. मग गिलरॉयचं ऑफिस मागे पडलं. रोशीनने सीट घट्ट धरली. पुढे चर्चचं रिकामं आवार होतं. त्यात पूर्ण चक्कर मारून आजोबा परत आले आणि ऑफिससमोर लांबच लांब मोकळ्या जागेत, तोंड बाहेरच्या बाजूला करून, गाडी उभी केली.

“एक शब्दही बोलली नाहीस,” ते खूश होऊन म्हणाले. “शिकतेस.”

गिलरॉयने दोघांना बसवलं. रोशीनला त्याने सतरा प्रश्न विचारले. आजोबांना एकच.

“परवाना कधीचा?”

“एकोणऐंशी सालचा.”

“ऑक्टोबर?” गिलरॉयने मान वर न करता विचारलं.

“ऑक्टोबर.”

“माझ्या वडिलांचाही.”

दोघं क्षणभर अंत्ययात्रेला आल्यासारखे गंभीर झाले. मग सह्या झाल्या. रोशीनने विम्याचा कागद दोन्ही हातांनी धरला. तिला सोमवार दिसू लागला. इंजिनाच्या तेलाचा वाससुद्धा येऊ लागला.

बाहेर येऊन पाहतात तर गाडीच्या नाकाला नाक लावून शेजारच्या पबचा ट्रक उभा. ट्रकवाला बिअरची पिंपं घेऊन आत गेला होता, आणि आत हसण्याचा आवाज येत होता. मागे मात्र सगळा रस्ता मोकळा होता.

आजोबा ट्रककडे बघत राहिले. मग त्यांनी किल्ली रोशीनच्या हातावर ठेवली.

“तू काढ.”

“मी? मागेच तर घ्यायचीय, आजोबा. एवढीशी.”

“मागे घ्यायचं परीक्षेत असतं ना?”

“असतं की. आज दोनदा करून दाखवलं.”

“मी नाही दिली.”

“काय?”

“परीक्षा.” आजोबांनी टोपी सारखी केली. “त्या साली परीक्षेची रांग इतकी वाढली, इतकी वाढली, की सरकारच कंटाळलं. रांगेतल्या आम्हाला सगळ्यांना परवाने वाटून टाकले. माझा पोस्टाने आला. मी गाई आत घेत होतो.”

रोशीनने विम्याच्या कागदाकडे पाहिलं, मग आजोबांकडे. मग ती चालकाच्या जागेवर बसली, आरसा आपल्याकडे वळवला आणि मान मागे फिरवून गियर टाकला. शेजारी आजोबांनी दाराच्या वरची मूठ दोन्ही हातांनी धरली.

“हळू हं पोरी,” अनुभवी चालक म्हणाले. “मी गाडीतून मागे असा कधी गेलेलोच नाही.”