तिनाचा एक

तालमीहून गाण्यांची फाईल परत आली आणि मास्तरांचं डोकंच फिरलं. चार गाण्यांवर त्यांनी ‘कॅपो तीन’ लिहिलं होतं. चारही ठिकाणी तीन खोडून कुणीतरी एक केला होता.

कॅपो म्हणजे गिटारच्या दांडीवर लावायचा चिमटा. तो तिसऱ्या घरावरून पहिल्यावर आणला, की अख्खं गाणं दोन पायऱ्या उतरतं. वादकांसाठी कॉर्डचे चार्ट मास्तर घरी बसून लिहीत, आणि गायची त्यांची बायको. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मागे उभं राहून गायल्यावर शनिवारी तिचं स्वतःचं पहिलं रेकॉर्डिंग होतं.

संशय सरळ नव्या गिटारवाल्यावर. चार महिन्यांपूर्वी आलेला, नको तितका गोड बोलणारा, कानामागे कायम पेन्सिल. हल्ली त्याची भाचीही तालमीला येऊन बसायची. गाते म्हणे!

“त्याला तुझं गाणं पाडायचंय,” मास्तर बायकोला म्हणाले. “गेल्या वर्षी पानं फाटली म्हणून मी सगळे चार्ट नव्याने लिहून काढले, जुने कुलपात घातले. ते काय याने खाडाखोड करावी म्हणून?”

“जाऊ द्या हो. पोरगा चांगला आहे,” ती गरम पाण्याचा घोट घेत म्हणाली.

ती त्याची बाजू घेते, हे मास्तरांना आणखी झोंबलं. त्यांनी चारही तीन शाईने गिरवले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक आकड्यावर कागदाची चिकटपट्टी होती आणि तिच्यावर एक.

मग मात्र मास्तर तडक तालमीत घुसले. “कुणाला विचारून बदललंस रे?”

गिटारवाल्याने मास्तरांच्या बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“त्याला नका बोलू. मीच केलं,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. “वरचे सूर लागत नाहीत आता. आयुष्यभर तीनवर गायले, आणि नेमकं आत्ताच... तुमचा केवढा जीव आहे या आवाजावर. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं.”

“एक तर एक,” मास्तर कसंबसं म्हणाले. “तू गा.”

ती घरी यायच्या आत त्यांनी कुलूप काढलं आणि जुने चार्ट फाडायला घेतले. त्या चारही गाण्यांच्या पानांवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, कॅपो पाच.