आखूड लेन्स

थिएटरची मागची निम्मी बाजू दुकानांना गेली आणि केबिन पडद्याच्या जवळ सरकली. तिथून जुन्या लेन्सनं चित्र निम्म्याच पडद्यावर पडायचं. म्हणून मेकॅनिकनं आखूड लेन्स बसवली आणि फिल्म न लावताच मशीनचा दिवा पेटवला. पांढरा उजेड पडद्याच्या चारही कडांना टेकला.

"जमलं, दौलतमामा!" असं म्हणत तो झरोक्याशी वाकला आणि ओरडला, "ओ बाई, खाली बसा की! डोकं मधे येतंय."

पडद्यावर अंबाड्याची सावली होती. मशीन चालवणाऱ्या दौलतनं केबिनचं दार उघडून पाहिलं, तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. आता केबिनच्या अगदी समोर आलेली मधल्या वाटेकडची खुर्ची त्याच्या बायकोची. वारेपर्यंत ती रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि खेळ सुटेपर्यंत तिथंच बसायची.

"लेन्सवर डाग असेल. पुसतो," मेकॅनिक पुटपुटला.

"हात लावू नकोस."

सावलीनं हळूच मान वळवली, रीळ बदलताना ती केबिनकडे बघायची तशी. दौलतला राहवलं नाही. त्यानं लेन्ससमोर आपला हात धरला.

पडद्यावर दोन हात उमटले. दुसऱ्या हातात बांगड्या होत्या.